शिजलेले साठ ग्रॅम

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी आहाराच्या नोंदीचे कागद मांडले आणि म्हणाले, "या दोन्हींतलं एक तरी चुकीचं आहे. दोन्ही बरोबर असतील, तर ते जास्त वाईट."

समोर बसलेली बाई एका कारखान्याच्या कँटीनची कोठी सांभाळत असे. आठशे माणसांचे धान्य, कडधान्य, तेल, मीठ तिच्या हातून मोजून स्वयंपाकघरात जाई. सगळे तिला कोठीबाई म्हणत. तिच्या मापावर बोट ठेवण्याची संधी आजवर कोणाला मिळाली नव्हती, आणि ज्या एका आचाऱ्याने ती शोधण्याचा प्रयत्न केला होता त्याला तिने सगळ्यांसमोर पोते पुन्हा काट्यावर चढवायला लावले होते.

गेल्या वर्षी तिचे वजन एकशे अठरा किलो होते, गुडघे बोलत होते आणि साखर कशालाच जुमानत नव्हती. तेव्हा याच डॉक्टरांनी तिच्या जठराची लहानशी पिशवी केली आणि आतड्याचा बराच भाग वळसा घालून बाजूला ठेवला. वजन उतरले. साखर ताळ्यावर आली. कोठीतल्या शिडीवर ती आता स्वतः चढत होती. मग केस गळू लागले, ते सगळ्यांचेच गळतात म्हणून कोणी मनावर घेतले नाही. नंतर थकवा आला. नंतर पायांवर सूज आली आणि चपलेचा पट्टा लागेनासा झाला.

"डॉक्टर, मी एक चमचाही खोटा लिहिलेला नाही," ती म्हणाली.

"मी तसं म्हणत नाहीये. पण बघा. तुम्ही रोज साठ ग्रॅम प्रोटीन खाताय. हवं तेवढंच आहे ते. आणि रक्तातलं प्रोटीन, म्हणजे अल्ब्युमिन, इतकं खाली, की मला वाटावं ही बाई महिनोन्‌महिने अर्धपोटी आहे. याचा अर्थ एकच निघतो. खाल्लेलं अंगी लागत नाही. आतडं आपण जरा जास्तच वळवलं, असं म्हणावं लागेल. आत जाऊन जोड थोडा वरखाली करायला हवा."

"आत जाऊन म्हणजे?" तिच्या नवऱ्याने विचारले.

"दुसरं ऑपरेशन."

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता. 'ऑपरेशन' हा शब्द ऐकताच त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. कोठीबाईने ते पाहिले. तिला एरवी हसू आले असते.

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी टाके एका ठिकाणी उसवले होते. नाकात नळी, हाताला सुई, आणि पाण्याच्या घोटासाठीही परवानगी मागायची, अशा अवस्थेत ती कित्येक दिवस पडून होती. घरी जाताना तिने नवऱ्याला बजावले होते की या दारातून मी पुन्हा आत येणार नाही, आलेच तर कोणाला तरी भेटायला येईन. आता डॉक्टर म्हणत होते की दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते. शिवाय जोड बदलला की उतरलेले वजन थोडेफार परत येऊ शकते.

"पुढच्या आठवड्यातली तारीख धरून ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "सूज वाढायच्या आत."

घरी नणंद दाराशीच उभी होती. नवऱ्याची ही थोरली बहीण टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाली होती, आणि लाइन कुठल्याही क्षणी तुटेल अशा घाईने आजही बोलायची.

"काय म्हणाले? दुसरं? कशाला? पहिलं फुकट गेलं का?"

"खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणाले, वन्सं."

"माझ्या अंगाला बरं लागतं सगळं. मी तर वासानेच फुगते." मग तिने आवाज खाली आणला. "खरं सांग हं. टाकतेस का मागच्या मागे? मी नाही सांगायची कोणाला."

"तुमच्यासमोर बसून खाते की."

"तेही खरंच. बसतेस, मोजतेस, लिहितेस, मग खातेस. सोनारसुद्धा एवढं मोजत नाही."

ते मोजणे खरोखर पाहण्यासारखे असे. ओट्यावर लहान काटा. त्यावर रिकामी वाटी, काटा शून्यावर. मग शिजवून मऊ घोटलेला मसूर, चमच्याने, आकडा साठवर येईपर्यंत. एकसष्ट झाला तर चमच्याच्या टोकाने एक ग्रॅम परत पातेल्यात. मग चाळीस ग्रॅम सोया, भिजवून पिळून वाफवलेला. ऑपरेशनपासून कोंबडी घशाखाली उतरेना, अंड्याचा वास सहन होईना, आणि प्रोटीनच्या पावडरीने तर दोनदा उलटी झाली. तेव्हा मसूर, सोया, चवळी, दही आणि दूध एवढ्यावर तिचे सारे चालले होते. आकडा लिहिला की शेजारच्या रकान्यात प्रथिने. ती तिला कुठे शोधावी लागत नसत. कोठीच्या दारामागे जो तक्ता वर्षानुवर्षे लटकत होता तो तिला तोंडपाठ होता: मसूर शंभराला पंचवीस, चवळी चोवीस, सोया पन्नासच्या वर.

हे कागद पाहून दवाखान्यातली आहारतज्ज्ञ पहिल्याच महिन्यात खूश झाली होती. बाकीचे रुग्ण 'दोन घास', 'थोडंसं', 'नेहमीचंच' असे लिहून आणत. कोठीबाईच्या कागदाची प्रत काढून तिने दालनाच्या भिंतीवर लावली होती. पावडर नको म्हटल्यावर तिनेही हट्ट केला नाही. अन्नातूनच साठ मिळत असतील तर पावडरीची जबरदस्ती कशाला, असे ती म्हणाली होती.

त्याच आहारतज्ज्ञ मुलीचा संध्याकाळी फोन आला.

"ताई, मी डॉक्टरांशी बोलले. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस तुम्ही इथे राहायला या. तुम्ही घरी जे खाता, तेच आमचं स्वयंपाकघर करेल, तुमच्याच आकड्यांनी. बाहेरचं काही नाही. काय आत जातं आणि काय बाहेर पडतं, दोन्ही मोजू."

"बाहेर पडतं तेही?"

"हो, तेही."

"मॅडम, एवढं तर मी कँटीनमध्येही मोजलेलं नाही."

मुलगी हसली. कोठीबाई हसली नाही. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना वाटतंय मी खोटं लिहिते. पकडायला बोलावलंय."

"अगं, मग पकडू दे की. खोटं नसेल तर काय सापडणार आहे?"

"काही सापडलं नाही तर ऑपरेशन."

तो बॅग भरायला उठला आणि त्याने तिचे लोकरीचे पायमोजे आधी ठेवले, मग काढले, कारण सुजलेल्या पायांवर ते चढले नसते.

दवाखान्याची खोली दोन खाटांची होती. दुसरी खाट रिकामी. खिडकीतून धुलाईघराची गच्ची दिसे, तिथे पांढऱ्या चादरी ओळीने वाळत होत्या. सकाळी शंभर ग्रॅम दही आले. तिने वाटीकडे पाहिले आणि डोळ्यांनीच ताडले: बरोबर शंभर. तिने ते संपवले आणि वाटी परत केली.

दुपारी ट्रॉलीवाला आला. त्याने ताट पुढ्यातल्या फळीवर ठेवले आणि झाकण उचलले.

ताटात दोन वाडगे होते. एकात मसूर काठोकाठ, दुसऱ्यात सोयाचा ढीग.

"दादा, हे माझं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या खोलीतलं आलंय."

"तुमचंच आहे. ही बघा चिठ्ठी. मसूर साठ ग्रॅम, सोया चाळीस ग्रॅम."

"हे साठ?"

"साठच."

"अहो, हे दोनशेच्या घरात आहे. माझ्या पोटात याचा तिसरा हिस्साही जात नाही. कोणी मोजलं?"

ट्रॉलीवाल्याला राग आला. "बाई, आम्ही मोजल्याशिवाय लावत नाही. मी उभा होतो तिथे. साठ ग्रॅम कोरडा घेतला, धुतला, शिजवला, ओतला. एक दाणा इकडेतिकडे नाही."

"कोरडा?"

"मग काय, ओला मोजतात का कुठे?"

हे वाक्य तिचे होते. कोठीच्या खिडकीतून कितीतरी नवख्या आचाऱ्यांना तिने ते ऐकवले होते, जवळपास याच स्वरात. माप कोठीत होते, कोरड्याचे. एकदा शिजले की कारखान्यात कोणी ग्रॅमचे नाव काढत नसे. मग पळीचा हिशेब: माणशी दीड पळी, दोन पळ्या. शिजलेले अन्न काट्यावर चढलेले तिने कँटीनमध्ये कधी पाहिलेच नव्हते. चढवले होते ते तिने घरी, ऑपरेशननंतर, आयुष्यात पहिल्यांदा.

ती वाडग्याकडे बघत राहिली. नवरा खुर्चीतून उठला.

"काय झालं? दुखतंय का? घंटी वाजवू?"

"थांबा जरा."

"अगं, चेहरा बघ तुझा—"

"अहो, थांबा म्हणते ना! मला मोजू द्या."

ती बोटांवर मोजत होती. मग तिने ट्रॉलीवाल्याला सांगितले, "दादा, त्या आहाराच्या मॅडमना बोलवा. आणि येताना काटा घेऊन या म्हणावं."

आहारतज्ज्ञ धावतच आली. तिला वाटले ताट परत गेले, रुग्ण चिडला. तिने काटा फळीवर ठेवला. वाडगा रिकामा करून त्याचे वजन वजा केले. मसूर एकशे पंच्याहत्तर. सोया एकशे वीस.

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "कोरड्या साठाचा शिजून एवढाच होतो."

"मॅडम, मी घरी किती खाते ठाऊक आहे? साठ. शिजलेला साठ." कोठीबाईने चमच्याने बशीत मसूर काढला, काट्यावर ठेवला, एक चमचा कमी केला. "हा एवढा. आणि सोया हा एवढा."

बशीत दोन लहान टेकड्या होत्या. वाडग्यांशेजारी त्या कोणाच्या तरी उरलेल्या उष्ट्यासारख्या दिसत होत्या.

"म्हणजे तुम्ही... शिजल्यावर मोजता?"

"तुम्हीच सांगितलं होतं. ताटात पडेल ते मोजा."

"हो, सांगितलं होतं. आणि प्रोटीनचा आकडा कुठून आणता?"

"आमच्या कोठीच्या तक्त्यातून."

"तो तक्ता कशाचा आहे?"

"कोरड्याचा," कोठीबाई म्हणाली. "कोठीत दुसरं असतं काय?"

आहारतज्ज्ञ रिकाम्या खाटेवर बसली. रुग्णाच्या खाटेवर बसू नये असा तिथे नियम होता. ती बसली. तिने कागदाच्या मागच्या बाजूला पुन्हा गणित मांडले: दही, दूध, शिजलेला मसूर, पिळलेला सोया, रात्रीची चवळी.

"सत्तावीस," ती म्हणाली. "दिवसाला सत्तावीस. साठ कधी नव्हतेच."

"निम्मेसुद्धा नाहीत," कोठीबाई म्हणाली.

"ताई, मी सगळे कागद तपासले हो. मसूर साठ, प्रोटीन पंधरा, हे गणित चोख होतं. मीही कोरडाच धरला. पण एवढ्याशा पोटात एवढा ढीग मावेल कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तुमचं अक्षर इतकं नेटकं, बेरजा इतक्या बरोबर, की मी बेरजाच बघत बसले. आणि वर भिंतीवर लावलं."

"ते आधी काढा," कोठीबाई म्हणाली. "लोक उपाशी मरतील."

पहिल्यांदा हसला तो नवरा. तो इतका मोठ्याने हसला की परिचारिकेने दारातून डोकावून पाहिले. मग तो एकदम थांबला.

"मॅडम, म्हणजे हिचं आतडं ठीक आहे?"

"तसं मी नाही सांगू शकत. पण सत्तावीसवर कोणाचंही अल्ब्युमिन खालीच येईल. तुमचंही."

डॉक्टर संध्याकाळी आले. तोवर ती बशी झाकून ठेवली होती, त्यांना दाखवण्यासाठी. त्यांनी झाकण उचलून पाहिले, वाडगे पाहिले, आणि उभ्या उभ्याच सारे ऐकून घेतले. सवयीने ते माणसाला मध्येच तोडत, पण या वेळी तोडले नाही.

"किती महिने असं खाताय?"

"घरी गेल्यापासून."

"भूक लागत नव्हती?"

"भूक तुम्हीच काढून घेतलीत ना, डॉक्टर. मला काय कळणार?"

ते किंचित हसले. "खरं आहे. ठीक. दोन दिवस चाचणी पूर्ण होऊ दे. आम्ही देऊ तेवढंच खा, पण या वेळी खरे साठ. ते नीट पचलं तर तारीख मी सोडून देतो. मग सहा आठवडे घरी खाऊन रक्त दाखवा. ते वर आलं नाही, तर मात्र बोलावं लागेल."

खरे साठ कसे असतात ते तिला त्या दोन दिवसांत कळले. ते एका जेवणात मावत नव्हते, म्हणून दिवसाचे सहा तुकडे केले. पावडर आली, पण वास नसलेली, घट्ट दह्यात कालवून. अंड्याचा फक्त पांढरा भाग मसुरात घोटून आला आणि तिला तो ओळखताही आला नाही. आहारतज्ज्ञ मुलीने तिला छापील तक्ता दिला, शिजलेल्या पदार्थांचा. तो हातात घेऊन तिने प्रत्येक आकडा एकेक करून वाचला आणि शेवटी म्हणाली, "हा आधी दिला असता तर मी बघितला नसता, मॅडम. मला वाटलं असतं, माझा पाठ आहे."

चाचणी नीट आली. आत जे गेले त्यातले फारसे काही वाया गेले नव्हते. तारीख सुटली, निदान सहा आठवड्यांपुरती.

ते सहा आठवडे सरळ गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात पोट बिघडले आणि दोन दिवस पातळ दह्यावर निघाले. नणंदेने घोटलेल्या मसुरात चवीसाठी भरमसाट लिंबू पिळले, ते सोसले नाही, आणि दोघींनी एकमेकींशी एक अख्खा दिवस अबोला धरला. नवरा मधल्या खाण्याच्या वेळी शिकाऊ चालकाला गाडी बाजूला घ्यायला लावून फोन करी: "खाल्लंस?" शिकाऊ चालक ताटकळत बसत. एकाने तर विचारले, सर, हाही परीक्षेचा भाग आहे का?

कँटीनमध्ये बातमी पोचायला वेळ लागला नाही. कोठीच्या खिडकीशी पोते मागायला आलेला मुख्य आचारी गंभीर चेहऱ्याने विचारू लागला, "बाई, चवळी चाळीस किलो द्या. ओली की कोरडी?"

"तुझं डोकं धरून मोजते, ये इकडे. तेही रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वेळा सारखंच भरेल."

पण ती चिडली नव्हती. ज्या बाईच्या मापात कधी चूक सापडली नव्हती तिची एक चूक आता साऱ्या कारखान्याला पाठ झाली होती, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याचे ओझे वाटत नव्हते. पोटातले आतडे चुकण्यापेक्षा काट्यावरचा आकडा चुकलेला केव्हाही परवडला. तो पुसून पुन्हा लिहिता येतो.

सहा आठवड्यांनंतर रक्त दिले. रिपोर्ट हाती येईपर्यंत ती डॉक्टरांच्या दालनाबाहेर बसून राहिली आणि नवरा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. आत गेल्यावर डॉक्टरांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, मागचा कागद काढून तो पाहिला, आणि मग त्यांनी दोन्ही कागद तिच्याकडे वळवले.

"वाचा तुम्हीच. आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा बरे कळतात."

अल्ब्युमिन वर आले होते. अजून पूर्ण नव्हते, पण धोक्याच्या रेषेच्या वर होते.

"आणि ऑपरेशन?" नवऱ्याने विचारले.

"कशाचं? आतडं उत्तम आहे. आहे तिथेच राहू दे त्याला."

नवऱ्याने डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि तो सोडायचे विसरला. डॉक्टरांनाच शेवटी तो सोडवून घ्यावा लागला. बाहेर येऊन त्याने बहिणीला फोन लावला. तिचा आवाज शेजारी बसलेल्या कोठीबाईलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"काय म्हणाले? लवकर बोल."

"नाही करायचं, ताई. ऑपरेशन नाही. सगळं ठीक आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे उपाशी होती, एवढंच ना? घरात आपण दोन धडधाकट माणसं, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत उपाशी. दे तिला फोन. नको, राहू दे. तिची खायची वेळ झाली असेल. आधी खाऊ दे."

खरोखरच वेळ झाली होती. कोठीबाईने पिशवीतून डबा काढला, पिशवी बाकावर पसरली आणि झाकण उघडले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी विचारले, जागा लवकर रिकामी होईल का.

तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बाजूला सरकली.

"या, बसा ना इथे," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."